गजावरची खूण

स्क्रेनबी फ्लीट, लिंकनशायर
९ नोव्हेंबर २०१९

नेव्हिल,

अक्षर ओळखून पुढे न वाचताच पत्र शेगडीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच. टॅमसिन माझ्याकडे आहे. सुखरूप आहे.

ग्लासगोला मैत्रिणीकडे जाते असं तुला सांगून ती निघाली, हे तिनेच मला सांगितलं. मला या खोट्यात भागीदार व्हायचं नाही, म्हणून लिहितो आहे. (हे वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो.)

गुरुवारी दुपारच्या बसने आली. मी भाजी चिरत होतो. दार उघडलं तर समोर तुझं कपाळ. पाच वर्षांची असताना इथून गेलेली पोर, पण वीस वर्षांनी कपाळ तेच.

"मर्विनकाका ना? मी नेव्हिलची टॅमसिन. आत घेणार की इथेच भिजवणार?"

आत घेतलं. ओला कोट काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं की तिला ठासणीची बंदूक शिकायची आहे आणि खाडीच्या चिखलात बदकांवर एक तरी बार टाकायचा आहे.

"तुझ्याकडे घरी चांगली बंदूक असेल की," मी म्हणालो. "तिकडे ऑर्कनीत तुम्ही शेतातले हंस मारता म्हणे."

"आहे ना. काडतूस घाला, चाप ओढा. त्यात कळत नाही."

"काय कळत नाही?"

"माणूस चुकतो कसा ते."

तेव्हाच तिला परतीच्या बसमध्ये बसवायला हवं होतं. मी विचारलं, चहात साखर किती?

तू नको म्हणालास तर लगेच पाठवून देतो. फोन नंबर बाबांच्या वेळचाच आहे. आठ दिवस वाट बघतो.

मर्विन


१८ नोव्हेंबर

नेव्हिल,

तुझा फोन आला नाही. तुझी हरकत नाही असं मी धरलं. दुसऱ्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावायची मला सवय आहे.

रोज दुपारी पंपघराच्या मागच्या गोठ्यात शिकवतो. तिला माझी एकनळी दिली आहे, दुनळी मी वापरतो. पोरगी फार नीट काम करते. माप भरून दारू, त्यावर लोकरी नमद्याचं जाड बूच, मग छर्रे, मग पातळ पुठ्ठ्याची चकती, प्रत्येक वेळी गजाने सावकाश ठासून. ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी अगदी शेवटी. दारूचं माप ओतल्यावर ती ते उलटं करून फळीवर ठेवते. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, बाबांनी, किटलीवर. चहाची पूड घातली की चमचा उलटा ठेवायचा, म्हणजे दोनदा पडत नाही.

तू अजून चमचे उलटे ठेवतोस हे मला माहीत नव्हतं.

मग मी तिला गजावरची खूण दाखवली. नळी रिकामी असली की गज खोल बुडतो, एक बार भरला की चाकूने कोरलेलं वलय बरोबर नळीच्या तोंडाशी येतं. तिने विचारलं, "आणि दोनदा दारू ओतली तर?"

"खूण वर राहते."

"किती वर? दाखवा."

दाखवलं. दोन बोटं वर. तिने खिशातून सुताराची पट्टी काढून मोजलं आणि वहीत लिहून घेतलं. नेव्हिल, ती शिकायला आलेली नाही. ती मोजायला आली आहे.

"आंधळ्यालासुद्धा लागेल हाताला," ती म्हणाली. "आणि बाबांनी खूण बघितली होती."

"असं तो म्हणतो."

"म्हणायचे. मी लहान होते तेव्हा शपथेवर सांगायचे. मग म्हणायला लागले, बघितली असेल, नसेलही. गेल्या नाताळात जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, दोनदाच ओतली मी, मला आता ओतताना दिसतंय." ती गज पुसत होती, तो पुसायची थांबली. "काका, हे होऊ शकतं? न दिसणं?"

आणि मी म्हणालो, "घाईत माणसाला काहीही दिसत नाही."

तिने मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे. वहीत लिहायला आणखी एक ओळ मिळाली, म्हणून.

मग सहज विचारल्यासारखं, "त्या वर्षी शिशाला नुकतीच बंदी आली होती ना? तुम्ही काय घालत होतात?"

"बिस्मथ. शिशासारखंच मऊ असतं. जुन्या नळीला तेच चालतं."

"दोघंही?"

"दोघंही."

इथे पाऊस आहे. हंस उतरायला लागले आहेत. बाकी सगळं ठीक.

मर्विन


२७ नोव्हेंबर

नेव्हिल,

मागच्या पत्रात 'बाकी सगळं ठीक' असं लिहिलं, ते खोडून टाक.

काल ती आपल्या शिकारी मंडळाच्या खोलीवर गेली. मी नेलं नाही, ती हर्बी लीकबरोबर त्याच्या ट्रॅक्टरवर बसून गेली. हर्बी आठवतो ना, समुद्राच्या बांधावर मेंढरं राखायचा? अजून राखतो, आणि आता मंडळाचा अध्यक्ष आहे. मला कळल्यावर सायकल काढून मागोमाग निघालो. पोचलो तेव्हा ती खुर्चीवर चढून भिंतीवरून फुटकी नळी काढत होती.

तुला माहीत नसेल. बाबांच्या बंदुकीची फुटलेली नळी त्यांनी त्या वर्षीच मंडळाला दिली आणि मंडळाने ती भिंतीवर लावली. खाली पाटी आहे: 'दारू दोनदा भरल्याचा परिणाम.' तुझं नाव नाही पाटीवर. त्याची गरजच नव्हती. वीस वर्षं प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्या दिवशी ती नळी दाखवतात आणि मागे उभा राहून मी मान हलवतो.

टॅमसिनने हर्बीची विजेरी घेतली आणि नळीत डोळा लावला. बराच वेळ. मग म्हणाली, "हर्बीआजोबा, या रेघा कसल्या?"

"जुनी नळी आहे पोरी. तुझ्या आजोबांच्या आजोबांची. रेघा असायच्याच."

"पण खाली, दारू बसते तिथे गुळगुळीत आहे. छर्रे बसतात तिथून पुढे तोंडापर्यंत ओरखडे आहेत. उभे. खिळ्याने काढल्यासारखे." तिने करंगळी आत घातली. "मऊ छर्ऱ्यांनी असं होतं?"

हर्बीने तिच्या हातातून नळी घेतली. खिडकीपाशी नेली. त्याचं वय शहात्तर आहे, पण डोळे मेंढपाळाचे. बघून झाल्यावर त्याने नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मग चहाबरोबरचा केक कापायला आत गेला आणि कितीतरी वेळ केक कापत राहिला.

घरी येताना ती माझ्या सायकलीबरोबर चालत होती. एकदाच बोलली. "मंगळवारी मला चिखलात न्याल? परत जायच्या आधी एकदा."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

मर्विन


४ डिसेंबर

नेव्हिल,

टॅमसिनला काही झालेलं नाही. तिला ओरखडासुद्धा नाही. हे आधी. माझा पाय सुजला आहे, त्याचं काही विशेष नाही.

काल उधाणाची भरती होती. साडेनऊला चिखल सोडून बांधाकडे निघायचं, असं मी तिला तीनदा बजावलं. मोबाइल मीच तिला घरी ठेवायला लावला, वाजला की पक्षी फिरतात म्हणून. माझ्याकडे तर तो नसतोच. उजाडायला आम्ही मोठ्या ओहोळाच्या काठाला गवतात बसलो होतो. विजन बदकांची शीळ चारी बाजूंनी येत होती. चार थवे अगदी टप्प्यात आले. मी दुनळीचे तीन बार टाकले. तिने एकही नाही. दर वेळी बंदूक खांद्याला लावायची, घोडा चढवायची, मग हळूच उतरवून ठेवायची.

"निवडून मारतेस की काय? एवढा नखरा आमच्या बाबांचाही नव्हता."

ती हसली नाही.

माझ्या शेवटच्या बारात एक नर पडला, पण ओहोळाच्या पलीकडे. माझी कुत्री ऑगस्टमध्ये गेली, दुसरी पाळली नाही. म्हणून मीच उतरलो. ओहोटी होती, घोट्याएवढं पाणी. बंदूक हातात ठेवली, तो मूर्खपणाच. बदक उचललं, परत फिरलो आणि डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. तोल सांभाळताना बंदुकीसकट पाण्यात बसलो. उठायला गेलो तर दुसराही रुतला.

तसं होतं कधीकधी. धडपड करायची नाही, आडवं पडून सुटायचं. पण पाय मुरगळला होता, आणि त्याच दहा मिनिटांत समुद्राकडून धुकं आलं. बांध गेला, हर्बीची मेंढरं गेली, दहा पावलांवर काठाला उभी असलेली टॅमसिन तेवढी दिसत होती. मग माझ्यासमोरून फेस वाहत गेला. त्यावर एक काडी. ती समुद्राकडे नाही, बांधाकडे चालली होती.

"किती वाजले?" मी ओरडलो.

"नऊ वीस!"

"भरती फिरली. गळ्यातलं होकायंत्र बघ. सरळ दक्षिणेला चालत सूट. थांबू नकोस. पंचवीस मिनिटांत बांध."

"आणि तुम्ही?"

"हर्बीला पाठव."

"पंचवीस जायला, पंचवीस यायला. पाणी कुठे असेल तोवर?"

पाणी मांडीवर चढत होतं आणि गुडघे केव्हाच चिखलात होते. ती खाली उतरायला लागली, तेव्हा मी तिला शिव्या घातल्या. तुझ्या पोरीला, हो. दोघंही रुतलो असतो.

"बार टाक," मी म्हणालो. "हवेत. तीन, मोजून अंतर ठेवून. हर्बी आत्ता बांधावर चारा टाकतो. आपल्या दारूचा आवाज त्याला लाखात ओळखू येतो. या धुक्यात कोणी शिकार करत नाही हेही त्याला कळतं. माझी भिजली. तुझी भरलेली आहे ना?"

"आहे."

"मग टाक!"

तिने टोपी तपासली. बंदूक वर केली. घोडा चढवला. आणि तशीच उभी राहिली.

"टॅमसिन!"

"मला जमत नाहीये."

"खूण बघ. गज टाकून बघ."

तिने घोडा उतरवला, गज टाकला. "बरोबर आहे. सकाळपासून अकरा वेळा बघितलं. दर वेळी बरोबर आहे." मग ती किंचाळलीच. "बाबांचीही बरोबर होती! त्यांनी बघितली होती, मला माहीत आहे त्यांनी बघितली होती, आणि तरी त्यांचा हात गेला! मग या खुणेवर विश्वास कशाला ठेवू मी?"

नेव्हिल, पाणी माझ्या पट्ट्याला लागलं होतं. डिसेंबरचं पाणी कसं असतं ते तुला सांगायला नको. मी मनात काय काय म्हणालो ते लिहितो, कारण आता काही ठेवायचं नाही. मी म्हणालो, न सांगता ती चाप ओढेल का? थोडं थांबून बघू का? पाण्यात उभा राहून, मरायला टेकलेला असताना, मी अजून हिशोब लावत होतो की हे गिळून टाकता येईल का.

मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. बंदूक छातीशी धरून ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. मला वाचवायचं की नाही हे तिचं ठरलेलं होतं. फक्त हात ऐकत नव्हता.

"खूण खरी आहे," मी म्हणालो. "तुझ्या बापाने दोनदा ओतली नाही. एकदाच ओतली. छर्रे पोलादाचे होते."

"काय?"

"पोलाद! बिस्मथ नव्हतंच त्याच्या पिशवीत. पोलाद दाबलं जात नाही, त्या नळीत ते अडकलं आणि नळी फुटली. नव्या काडतुसांमधून काढून त्याची पिशवी मी भरली होती. त्याला माहीत नव्हतं. तुझ्या नळीत बिस्मथ आहे, तू स्वतः फोडलीस पिशवी. ती फुटणार नाही. टाक बार!"

धुक्यात तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. बरंच झालं. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाणी वर येताना वेळ कळत नाही. ती मला तिथेच सोडून जाऊ शकली असती, आणि मी कुणालाही दोष दिला नसता.

बार झाला. काठाला पांढरा धूर पसरला आणि ती त्यात दिसेनाशी झाली. मग आतून आवाज आला, अगदी कोरडा. "पुढचा कसा भरू?"

"छर्रे नकोत. नुसती दारू आणि दोन बुचं. घट्ट ठास."

तिने भरला. माप उलटं करून गवतावर ठेवलं, एवढ्यातही. दुसरा बार. मग तिसरा भरताना टोपी हातातून निसटली, ती गुडघ्यावर बसून गवतात शोधत राहिली, मी पाण्यातून ओरडत होतो की दुसरी घे, दुसरी घे. तिसरा बार झाला तेव्हा पाणी माझ्या छातीला होतं आणि मला पाय आहेत की नाहीत ते कळत नव्हतं.

हर्बीने ट्रॅक्टरचा भोंगा दिला. तीनदा. मग ती त्या दिशेला ओरडत राहिली आणि तो तिच्या आवाजावर चालत आला, पाठीवर मेंढरांच्या फाटकाची फळी, खांद्याला दोर. फळी आडवी टाकली, दोर माझ्या काखेतून घातला आणि दोघांनी मिळून ओढलं. बूट खालीच राहिले. बंदूकही.

बांधावर हर्बीने मला त्याच्या केबिनमध्ये बसवून थर्मासातला चहा पाजला. टॅमसिन आत आली नाही. मागे ट्रॉलीवर, चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर बसली. घरापाशी उतरल्यावर मला म्हणाली, "बाबांना तुम्ही लिहिणार की मी सांगू?"

"मी लिहितो."

"कधी?"

"उद्याच्या टपालात."

"मी पंधरा तारखेपर्यंत काही बोलणार नाही. त्यानंतर बोलेन."

दुपारच्या गाडीला हर्बी तिला सोडून आला. ती आज तुझ्या घरी पोचली असेल. तिला विचारू नकोस. तिने शब्द दिला आहे.

मी तिला पाण्यात उभं राहून जे सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं आज लिहिता येत नाही. हात गार पडलाय असं म्हणणार होतो. हात गरम आहे.

मर्विन


६ डिसेंबर

नेव्हिल,

उरलेलं.

तुला वाटेल, बिस्मथ वेळेवर आलं नाही आणि मर्विनने घाईत जे मिळालं ते भरलं. लोकांना सांगताना मीही कदाचित तेवढंच सांगितलं असतं. आलं नव्हतं हे खरं. पण माझ्याकडे अर्धी पिशवी शिल्लक होती. दोघांना पुरली असती. चार-पाच बार कमी झाले असते, एवढंच.

आदल्या रविवारी बाबांचा वाढदिवस झाला होता. सगळं मंडळ आलं होतं. बाबांनी बंदूक भिंतीवरून काढली आणि सर्वांसमोर तुझ्या हातात दिली. म्हणाले, "मर्विन कष्टाळू आहे, पण नेम धाकट्याचा. बंदूक त्याची." मी टाळ्या वाजवल्या. मीच आधी वाजवल्या. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो, बारा वर्षं त्या नळीला दर शनिवारी तेल मी लावलं होतं, आणि तू तिला कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतंस.

पोलादाने जुनी नळी आतून ओरबाडली जाते, हे तेव्हा सगळेच बोलत होते. मला तेच हवं होतं. ओरखडे. हंगाम संपल्यावर बाबा नळीत डोळा लावतील, ओरखडे बघतील आणि म्हणतील, याला सांभाळता येत नाही, परत आण. एवढंच मी मनात रंगवलं होतं. फुटेल असं वाटलं नव्हतं. हे माफीसाठी सांगत नाही. फुटेल का, याचा मी विचारसुद्धा केला नाही. तुझा हात त्या नळीखाली असतो, हे मला माहीत होतं आणि मी त्याचा विचार केला नाही.

तू चिखलात बसून डाव्या हाताकडे बघत होतास. म्हणालास, "मर्व्ह, मी खूण बघितली होती." मी तुझ्या मनगटाला पट्टा आवळत होतो. मी म्हणालो, "बोलू नकोस." तुला वाटलं असेल, ताकद जाईल म्हणून म्हणतोय.

इस्पितळात बाबा तुला बेपर्वा म्हणाले तेव्हा मी दाराशी होतो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मग तुझी पिशवी मी ओहोळात रिकामी केली. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, आणि थडग्यापाशी उभं राहून मी सगळ्यांना म्हणालो, बापाच्या मातीलाही आला नाही. हेही मीच.

टॅमसिन पाच वर्षांची होती. तू घर आवरून उत्तरेला निघालास त्या सकाळी ती मला विचारत होती, बाबांची बोटं परत येतील का? तुझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं. मी तिला म्हणालो, झोप आता गाडीत.

मर्विन


१३ डिसेंबर

नेव्हिल,

काल मंडळाची वार्षिक सभा होती. हर्बीला मी आधी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने विषयपत्रिका हातात घेतली आणि म्हणाला, "सुरुवातीला मर्विनला काहीतरी बोलायचं आहे." मग खाली बसला.

बोललो. लिहून नेलं नव्हतं. अर्धं नाही, सगळं सांगितलं. वाढदिवस, टाळ्या, ओरखडे. चाळीस-एक माणसं होती. जुन्यांपैकी अकराजण अजून आहेत. शेवटी जेस्रो पुली उठला, तुझ्या वर्गातला. माझ्याजवळ आला. मला वाटलं मारतोय. म्हणाला, "मी माझ्या पोराला नेव्हिलच्या घरी खेळायला पाठवत नव्हतो, मर्विन. तो वेडा आहे म्हणून. शेजारी असून मी त्याच्या घरी भेटायला गेलो नाही." आणि रडायला लागला. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

नळी मी स्वतः भिंतीवरून काढली. पाटीही. हर्बी म्हणाला, तिचं काय करायचं ते नेव्हिल सांगेल. तोवर त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मंडळाने तुझं सभासदत्व त्या वर्षीच्या तारखेपासून परत धरलं आहे, ठरावाची प्रत तुला वेगळी येईल. माझा राजीनामा त्यांनी घेतला. कोणी घेऊ नका म्हणालं नाही.

परवा पंधरा तारीख आहे. मागची दोन पत्रं तुला मिळाली असतील.

मर्विन


६ जानेवारी २०२०

नेव्हिल,

तुझा फोन आल्यापासून सहा दिवस झाले. तू म्हणालास, उत्तर लिहून पाठव, फोनवर नको. म्हणून हे.

पहिल्यांदा तुझा आवाज ओळखला नाही. तो बाबांसारखा झाला आहे. तू ओरडशील म्हणून मी भिंतीला टेकून उभा होतो. तू ओरडला नाहीस. तू म्हणालास, "मर्व्ह, मला ते दिसतं. माझा हात, दारूचं माप, एकदा. मग पुन्हा. मी दुसऱ्यांदा ओततोय हे मला दिसतं, पूर्ण, नळीच्या तोंडावर सांडलेले दाणेसुद्धा. पहिली काही वर्षं दिसत नव्हतं. मग सगळे म्हणाले म्हणून मी शोधायला लागलो, आणि एक दिवस सापडलं. आता तू म्हणतोस ते झालंच नाही. मग हे मी कुठे टाकू?"

ते कुठे टाकायचं हे मी रोज बसून शोधतो आहे. मी तुझी बोटं घेतली हे मला वीस वर्षं माहीत होतं. तुझी आठवणही मी घेतली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

खरं काय झालं होतं असं तू विचारलंस, ते एक मात्र सांगता येतं. मी तुझ्या शेजारी सहा पावलांवर होतो. तू एकदा ओतलीस. मग माप उलटं करून गवतावर ठेवलंस, बूच ठासलंस, छर्रे ओतलेस, चकती ठासलीस, गजाची खूण वाकून बघितलीस. टोपी लावताना तू शीळ घालत होतास. मी तुझ्या हातांवरून नजर काढली नव्हती, कारण मला माहीत होतं त्या पिशवीत काय आहे. तेव्हा तुझ्याकडे माझ्याइतकं नीट बघणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. जे दिसतं ते टाकता येत नसेल, तर हे त्याच्या शेजारी ठेव. हे लिहून दिलं आहे, खाली सही करतो, हर्बीचीही साक्षीला घेतली आहे.

तू माफ करणार नाहीस असं स्पष्ट म्हणालास. बरं केलंस. मी मागितलीही नसती.

शनिवारी तू आणि टॅमसिन येताय. बाबांशी एकट्याने बोलायचंय आणि मी तिथे नको, हे मला कळलं. घराची किल्ली हर्बीकडे आहे. तुझ्या खोलीत अंथरूण घातलं आहे, शेगडी पेटवायला लाकडं फोडून ठेवली आहेत. थडग्यावर गवत फार माजलं होतं, नावही दिसत नव्हतं. काल जाऊन कापून आलो. शुक्रवारी दुपारच्या बसने मी लिंकनला जातो, मंगळवारपर्यंत येणार नाही.

बाबांना काय सांगायचं ते सगळं सांग. तुझ्या वाट्याचं वीस वर्षांचं आहे. घाई करू नकोस.

मर्विन गॅदरकोल

साक्षीदार: हर्बर्ट लीक